शेंडेनक्षत्र, चित्रा आणि पहाटेचे ग्रह : भीती सोडून आकाश कसं पाहावं



या पंधरवड्याचा अभ्यासलेख आकाशावर आहे. मागच्या कार्तिकात आपल्या सचिन, उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांतल्या गटांवर एकच विषय वेगवेगळ्या रूपांत फिरत होता. कोणी पाठवत होतं, "परग्रहावरचं यान पृथ्वीकडे निघालंय." कोणी पाठवत होतं, "धूमकेतू आला आहे, गरोदर बायकांनी पहाटे बाहेर पडू नये." खाली हात जोडल्याची चित्रं आणि "अकरा जणांना पाठवा" ही ओळ होतीच.

हे वाचून सोडून दिलं असतं. पण आपल्याच एका गटातल्या घरी सून सात महिन्यांची होती. गाव शिरपूरकडचं, नवरा मिलमध्ये रातपाळीला. तिची तपासणीची तारीख होती आणि सकाळी लवकर निघून नंबर लावायचा होता. घरच्यांनी हा मजकूर वाचला, खिडक्यांना चादरी लावल्या आणि तारीख पुढे ढकलायची असं ठरलं. सेवेच्या निमित्तानं फोन झाला तेव्हा हे कळलं. पाऊण तास बोलावं लागलं. सासूबाई मुळीच हट्टी नाहीत, त्यांना खरंच काळजी होती. शेवटी दुसऱ्याच दिवशी त्या स्वतः सुनेला घेऊन गेल्या. सगळं ठीक निघालं.

काळजी खरी होती, तिचं कारण मात्र खोटं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकणं हा आजचा पाठ. घरात सगळ्यांनी मिळून वाचावा, एकदम नाही जमला तर दोन बैठकांत वाचावा.

*१. आधी नावं नीट समजून घेऊ*

आपल्या आज्या धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणायच्या. शेंडी असलेला तारा, म्हणून शेंडेनक्षत्र. संस्कृतात केतू म्हणजे ध्वज, निशाण. धूमकेतू म्हणजे धुराचं निशाण. नाव अगदी दिसतं तसं ठेवलंय.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. नवग्रहांतला केतू आणि धूमकेतू हे एक नव्हेत. चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा आकाशातला मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. ते गणितातले बिंदू आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत. धूमकेतू ही खरी वस्तू आहे, तिला वजन आहे, तिचा फोटो काढता येतो.

दुसरा गोंधळ उल्केचा. उल्का सर्रकन पेटते आणि क्षणात विझते. धूमकेतू असा पळताना दिसत नाही. तो ताऱ्यांसारखाच उगवतो, वर चढतो, मावळतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिलं तर शेजारच्या ताऱ्यांपासून थोडा सरकलेला असतो, एवढंच. "आकाशातून आगीचा गोळा जाताना दिसला" असं कोणी सांगितलं तर तो धूमकेतू नव्हे.

वराहमिहिरांनी सहाव्या शतकात बृहत्संहितेत केतुचार हा स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात शुभाशुभ फळं आहेत, हे खरं. पण सुरुवातीलाच त्यांनी अशा अर्थाचं म्हटलंय की यांचं दिसणं आणि मावळणं गणितानं काढता येत नाही. केवढा प्रामाणिकपणा! सूर्य-चंद्राची ग्रहणं गणितात बसली होती, हे पाहुणे बसत नव्हते. जे कधी येईल ते सांगता येत नाही, त्याची भीती वाटणारच.

ते गणित हजाराहून जास्त वर्षांनी जमलं. एडमंड हॅली यांनी १७०५ मध्ये दाखवून दिलं की १६८२ चा धूमकेतू आधीही येऊन गेला होता आणि साधारण १७५८ मध्ये पुन्हा येईल. हॅली १७४२ मध्ये वारले. धूमकेतू १७५८ च्या २५ डिसेंबरला दिसला. नंतर तो १९१० आणि १९८६ मध्ये आला आणि आता २०६१ मध्ये येईल. आज बालसंस्कार वर्गात बसणारी मुलं तेव्हा आजी-आजोबा असतील. ज्या पाहुण्याची तारीख माहीत आहे, त्याला अवचित आलेलं संकट कसं म्हणायचं?

*२. धूमकेतू कशाचा बनलेला असतो*

बर्फ, धूळ आणि गोठलेले वायू. फ्रेड व्हिपल या शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये ही कल्पना मांडली. मातीत लोळवलेला बर्फाचा गोळा डोळ्यांसमोर आणा. सूर्यापासून लांब असताना हा गोळा काळाकुट्ट, थंडगार आणि न दिसणारा असतो. सूर्याजवळ येऊ लागला की तापतो.

तापल्यावर त्या बर्फाचं पाणी होत नाही, थेट वाफ होते. हे समजायला आपल्या देवघरातला कापूर पुरे. कापराची डबी उघडी राहिली तर चार दिवसांत वड्या लहान होतात, पण डबीत पाणी साचलेलं दिसत नाही. कापूर घनातून सरळ हवेत जातो. धूमकेतूचा बर्फ तसाच उडतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. त्या वाफेचं आणि धुळीचं मोठं आवरण तयार होतं. सूर्याचा प्रकाश आणि सूर्याकडून सतत येणारा कणांचा झोत ते आवरण मागे ढकलतात आणि शेपूट तयार होतं.

म्हणून शेपूट नेहमी सूर्याच्या उलट्या दिशेला असतं. उदबत्तीचा धूर पंख्याच्या वाऱ्यानं एका बाजूला वळतो, तसं. धूमकेतू सूर्यापासून परत जायला निघाला की शेपूट त्याच्या पुढे चालतं! पहाटे पाहताना सूर्य क्षितिजाखाली असतो, त्यामुळे शेपूट साधारण वरच्या बाजूला दिसतं. मुलांना चित्र काढायला सांगाल तेव्हा ही खूण जरूर तपासा.

*३. कार्तिक २०१३ : चित्रा, बुध आणि आयसॉन*

धूमकेतू, ग्रह आणि तेजस्वी तारा पहाटे एकाच दिशेला येणं कसं असतं, याचा एक छान नमुना आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर घडून गेलाय.

व्हिताली नेव्हस्की आणि आर्त्योम नोविचोनोक या दोन निरीक्षकांनी सप्टेंबर २०१२ मध्ये एक धूमकेतू शोधला. त्याचं नाव आयसॉन. तो सूर्याच्या अगदी जवळून जाणार होता, म्हणून वर्षभर आधीच गाजावाजा सुरू झाला. शतकातला सर्वात मोठा धूमकेतू, दिवसाही दिसेल, असं वर्तमानपत्रांत येत होतं.

१७ नोव्हेंबर २०१३ ला त्रिपुरी पौर्णिमा होती. कोजागिरीपासून चाललेला काकडा त्या सुमारास संपतो. दुसऱ्या दिवशी, १८ तारखेच्या पहाटे, आयसॉन चित्रा ताऱ्याच्या अगदी शेजारी होता. त्याच दिवसांत बुध सूर्यापासून जास्तीत जास्त लांब गेला होता, म्हणून तोही पहाटे पूर्वेला, चित्रेच्या खाली दिसत होता. पुढच्या आठवड्यात आयसॉन खाली सरकत बुधाच्या बाजूला आला. २६ तारखेच्या सुमारास बुध आणि शनी एकमेकांना जवळजवळ चिकटून दिसत होते.

वाचायला सुंदर वाटतं. प्रत्यक्षात काय? पौर्णिमा नुकतीच झालेली, चंद्राचा उजेड भरपूर. आयसॉन नुसत्या डोळ्यांना दिसेल-न दिसेल अशा काठावर. शहरातून तर दुर्बिणीशिवाय कठीणच. शेपटीचा मोठा झाडू दिसेल म्हणून उठलेल्यांची निराशा झाली. ज्यांना चित्रा कुठे आहे ते ठाऊक होतं, त्यांनी द्विनेत्री तिच्यावर लावली आणि बाजूला पुसट, कापसासारखा ठिपका शोधून काढला. न ओळखणाऱ्याला काहीच नाही, ओळखणाऱ्याला सगळं, असा तो प्रकार.

२८ नोव्हेंबरला गुरुवार होता. त्या रात्री, आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, आयसॉन सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे १२ लाख किलोमीटरवरून गेला. सूर्याच्या आकारापुढे हे अंतर म्हणजे अंगाला घासून जाणंच. तो फुटला. पलीकडून थोडी धूळ बाहेर आली आणि तीही विरली. शतकातला मोठा धूमकेतू डिसेंबरात आकाशात नव्हताच. त्याच आठवड्यात, १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, आपलं मंगळयान पृथ्वीची कक्षा सोडून मंगळाकडे निघालं.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, धूमकेतू किती उजळेल हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. मार्ग सांगता येतो, तेज नाही. म्हणून "अमुक तारखेला चंद्राएवढा दिसेल" असं कोणी लिहिलं की तिथेच थांबा. दुसरी, जवळ दिसणं आणि जवळ असणं यांत फार फरक आहे. त्या पहाटे आयसॉन आपल्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या आसपास होता. चित्रा इतकी दूर की तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५० वर्षं लागतात. दोघं शेजारी दिसले ते फक्त आपण उभ्या होतो तिथून. गच्चीवरून पाहिलं तर दोरीवरचा कपडा आणि मिलची चिमणीसुद्धा एकमेकांना टेकलेली दिसतात. म्हणून कपड्याला चिमणीचा चटका बसत नाही.

*४. भीती कुठून आली*

१९१० च्या मे महिन्यात हॅलीचा धूमकेतू पहाटे पूर्वेला दिसत होता आणि शुक्रही तेव्हा पहाटेचा तारा होता. ६ मे रोजी इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड वारले. झालं, लोकांनी दोन्हींची सांगड घातली. १८-१९ मेच्या सुमारास पृथ्वी धूमकेतूच्या शेपटीतून जाणार होती आणि त्या शेपटीत सायनोजेन नावाचा विषारी वायू असल्याचं शास्त्रज्ञांना आढळलं होतं. युरोप-अमेरिकेत शिकलेसवरलेले लोक घाबरले. दारा-खिडक्यांच्या फटी बुजवल्या गेल्या, धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या. पण काहीही झालं नाही. शेपूट इतकं विरळ असतं की त्यातला वायू आपल्या हवेत कळण्याइतकासुद्धा उतरत नाही.

म्हणजे खिडक्या बंद करणारे तेव्हाही होते. त्यांत गोरे साहेबही होते, फक्त आपल्याच आज्या नव्हत्या. हे अशासाठी सांगितलं की घरातल्या मोठ्यांची कोणी थट्टा करू नये. त्यांची भीती मायेतून येते.

वयानं मोठ्या काही मंडळींना १९६५ चं शेंडेनक्षत्र आठवत असेल. इकेया-सेकी त्याचं नाव. अनेक घरांत "लढाईच्या वेळचं शेंडेनक्षत्र" अशी त्याची आठवण निघते. तारखा पाहू. हा धूमकेतू १८ सप्टेंबरला सापडला, तोही दुर्बिणीतून. युद्धबंदी २३ सप्टेंबरला झाली. धूमकेतू सूर्याजवळून गेला २१ ऑक्टोबरला आणि लांबलचक शेपटीसह पहाटे दिसला तो त्यानंतर. लढाई थांबून महिना झाल्यावर जो दिसला, त्यानं लढाई कशी आणली?

आता आपल्या सुरतेचं उदाहरण. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर आला. आपल्यातल्या किती घरांनी तो पाहिलाय. तेव्हा आकाशात कोणता शेपटीचा तारा होता? कोणताही नाही. पूर आला तो पावसानं आणि उकाई धरणातून सोडाव्या लागलेल्या पाण्यानं. उलट १९९७ चा हेल-बॉप धूमकेतू नुसत्या डोळ्यांना वर्ष-दीड वर्ष दिसत होता. तेवढ्या काळात आपल्या गटांतल्या घरांत लग्नं झाली, बाळं जन्मली, मुलं दहावी पास झाली. मन सांगड घालतं ती निवडून घालतं. जुळलं तेवढं लक्षात ठेवतं, न जुळलेलं विसरतं.

*५. मागच्या कार्तिकात नेमकं काय होतं*

ज्यावरून आपल्या गटांवर इतकं पाठवलं गेलं, तो धूमकेतू म्हणजे ३आय/ॲटलस. १ जुलै २०२५ ला चिली देशातल्या एका दुर्बिणीनं तो टिपला. तो वेगळा होता खरा. तो आपल्या सूर्यमालेतला नव्हे, दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याकडून आलेला. असे बाहेरचे पाहुणे आतापर्यंत तीनच ओळखले गेलेत. पहिला २०१७ मध्ये, दुसरा २०१९ मध्ये आणि हा तिसरा, म्हणून नावात ३.

तो २९ ऑक्टोबरला सूर्यापासून सुमारे २० कोटी किलोमीटरवरून गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहाटे पूर्वेला कन्या राशीच्या भागात होता. तिथेच चित्रा होती आणि शुक्रही तिथेच होता. ५ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा होती. म्हणजे आपण काकड्याला जात होतो तेव्हा तो त्याच दिशेला होता, पण नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. लहान द्विनेत्रीतूनही नाही, चांगली मोठी दुर्बीणच लागत होती. बहिणींनो, ज्यांनी "मी डोळ्यांनी पाहिला, लखलखत होता" असं लिहिलं, त्यांनी बहुतेक शुक्र पाहिला. शुक्र पाहणं हेही भाग्यच, पण नाव बरोबर द्यावं.

पृथ्वीच्या सर्वात जवळ तो १९ डिसेंबरला आला, तेव्हा तो सुमारे २७ कोटी किलोमीटरवर होता. म्हणजे सूर्य आपल्यापासून जेवढा दूर आहे, त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट.

आता सर्वात महत्त्वाचं. याचा अभ्यास आपल्या शेजारीच झाला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा अबूच्या डोंगरावर गुरुशिखरला आहे. दत्तात्रेयांचं स्थान म्हणून आपल्यातले काही जण तिथे जाऊन आलेत. तिथल्या १.२ मीटरच्या दुर्बिणीनं १२ ते १५ नोव्हेंबरच्या दरम्यान या धूमकेतूची छायाचित्रं घेतली आणि त्याचा प्रकाश रंगांत फोडून पाहिला. त्यात कार्बनच्या रेणूंच्या खुणा आढळल्या, तशाच सायनोजेनच्याही. नेहमीच्या धूमकेतूंत असतात त्याच.

पाहा बरं. १९१० मध्ये ज्या वायूच्या नावानं जग घाबरलं, त्याच्याच खुणेवरून २०२५ मध्ये समजलं की हा परग्रहाचं यान नाही, बाकीच्यांसारखाच धूमकेतू आहे. वस्तू तीच, आपलं कळणं वाढलं आणि भीती गेली. खिडकीला चादर लावून हे झालं नाही. कोणीतरी थंडीत डोंगरावर जागलं म्हणून झालं.

*६. सचिनमधून पहाटेचं आकाश कसं पाहावं*

पुढचा धूमकेतू येईल तेव्हा त्याला शोधायला खुणेचे तारे पाठ हवेत. ते दरवर्षी कार्तिक-मार्गशीर्षात पहाटे पूर्वेला असतातच, धूमकेतू असो वा नसो. म्हणून सराव कधीही करता येतो.

*जागा :* पूर्व मोकळी हवी. जीआयडीसीकडचे दिवे, धुराडी आणि समोरची बिल्डिंग आड येत असेल तर सोसायटीची गच्ची बरी. जमलं तर पलसाणा किंवा मरोलीकडच्या शेतांच्या बाजूला. डुमसचा किनारा पहाटेसाठी उपयोगी नाही, समुद्र पश्चिमेला आहे. तो संध्याकाळच्या धूमकेतूसाठी ठेवा. १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी, त्सुचिनशान-ॲटलस पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर होता. त्यानंतरच्या संध्याकाळी तो पश्चिमेला शुक्र आणि स्वाती यांच्यामधल्या भागात दिसत होता. तेव्हाही काही वाईट झालं नाही, उलट दिवाळी आली!

*वेळ :* नोव्हेंबरच्या मध्याला आपल्याकडे सूर्य साधारण पावणेसातला उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास पूर्व उजळायला लागते. म्हणून पाच ते पावणेसहा ही वेळ चांगली. ज्यांची नामस्मरणाची बैठक साडेपाचला असते, त्यांनी बैठकीआधी पंधरा मिनिटं गच्चीवर जावं.

*तारे :* पूर्वेकडे तोंड करून उभं राहा. डाव्या हाताला केशरी झाक असलेली स्वाती, उजव्या हाताला निळसर पांढरी चित्रा. आपल्या भागात या दोघी जवळजवळ एकाच वेळी उगवतात, नोव्हेंबरच्या मध्याला साडेचारच्या सुमारास. त्यानंतर रोज चार मिनिटं लवकर. खात्री करायची तर उत्तर-ईशान्येला सप्तर्षी पाहा. त्यांच्या शेपटीचं वळण तसंच पुढे नेलं की आधी स्वाती लागते, मग चित्रा. चैत्राच्या पौर्णिमेला चंद्र जिच्या आसपास असतो, ती हीच चित्रा. महिन्याचं नाव तिच्यावरूनच पडलंय.

*ग्रह :* तारा लुकलुकतो, ग्रह सहसा स्थिर तेवतो. शुक्र पहाटे असेल तर चुकायचं कारणच नाही, इतका तेजस्वी. बुध मात्र क्षितिजाजवळ आणि थोडेच दिवस.

*मोजमाप :* हात पुढे ताठ करा. मूठ म्हणजे सुमारे १० अंश, करंगळीची रुंदी १ अंश. "चित्रेच्या वर अर्धी मूठ" असं सांगितलं की घरातल्या सगळ्यांना कळतं.

*डोळे :* अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात. मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. पुसट वस्तू सरळ रोखून पाहू नका, जरा बाजूला पाहा. कडेच्या नजरेला ती जास्त चांगली दिसते. दहा बाय पन्नासची द्विनेत्री असेल तर उत्तम, भिंतीला कोपर टेकवून धरा. २०१६ च्या १ जानेवारीला पहाटे कॅटालिना धूमकेतू स्वातीच्या अगदी शेजारी होता, तो असाच द्विनेत्रीतून पाहायचा होता.

*सावधान :* सूर्य उगवायच्या बरंच आधी द्विनेत्री खाली ठेवा आणि मुलांच्या हातातून काढून घ्या. तिच्यातून चुकून सूर्य दिसला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. धूमकेतूपासून धोका नाही, या घाईपासून आहे. गच्चीला कठडा नसेल तर लहान मुलांना नेऊ नका. गरोदर ताईंनीही खुशाल यावं. जिन्यावर दिवा लावा, हात धरा, अंगावर शाल घ्या. एवढी काळजी पुरे.

*७. मजकूर पुढे पाठवण्याआधी*

आपले गट हे आपलं मोठं घर आहे. घरात कोणीही काहीही आणून ठेवलं तर आपण विचारतो ना, "हे कुठून आणलंस?" मग मजकुराला का विचारू नये? तीन प्रश्न पुरे. कोणी सांगितलं, त्याचं नाव आहे का? केव्हाचं आहे, तारीख आहे का? आणि मला स्वतः तपासता येईल का? तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर तो मजकूर आपल्यापाशीच थांबवावा. "अकरा जणांना पाठवा" हे तर न पाठवण्याचं चौथं कारण समजा.

आणि एक अगदी महत्त्वाचं. दवाखान्याची तारीख, औषध, परीक्षा, नोकरीची मुलाखत यांतलं काहीही आकाशातल्या पाहुण्यासाठी पुढे ढकलू नये. मनात शंका आली तर आधी गटप्रमुख ताईंना फोन करावा. रात्रीचे दहा वाजले असले तरी करावा. आपण सेवेत आहोत ते यासाठीच.

श्रद्धा आणि भीती बाहेरून सारख्या दिसतात. दोन्हींत हात जोडलेले असतात. फरक पाहायचा तर डोळ्यांकडे पाहा. भीती डोळे मिटायला लावते, खिडकी लावून घेते. श्रद्धा पहाटे उठवते, गच्चीवर नेते आणि म्हणते, पाहा, ज्याचं हे सगळं आहे त्याचा पसारा केवढा आहे. कुठल्या ताऱ्याकडून निघालेला बर्फाचा गोळा कुठून कुठे चाललाय आणि तोही नियमानं चाललाय, मनाला येईल तसा नाही. ज्या जगात धूमकेतूसुद्धा नियम मोडत नाही, तिथे आपण कशाला घाबरायचं?

*या पंधरवड्याचा स्वाध्याय*

१. घरातल्या सर्वात मोठ्या व्यक्तीला विचारा : तुम्ही शेंडेनक्षत्र कधी पाहिलं? तेव्हा घरात काय बोलत होते? मुलांनी वहीत लिहून घ्यावं. सल किंवा महिना आठवत असेल तर तोही लिहावा.

२. एका पहाटे सगळ्यांनी मिळून स्वाती आणि चित्रा ओळखाव्यात. रातपाळीहून येणाऱ्या दादांनी वाटेवर पूर्वेकडे एक नजर टाकावी. त्यांना तर हे आकाश रोजचंच आहे.

३. कापराची एक वडी उघड्या वाटीत ठेवा. रोज तिचा आकार पाहा. ती लहान का होते आणि पाणी का होत नाही, हे मुलांनी आठव्या दिवशी घरच्यांना समजावून सांगावं.

४. मोठ्या मुलांनी डॉ. जयंत नारळीकर यांची "धूमकेतू" ही कथा मिळवून वाचावी आणि पुढच्या बैठकीत थोडक्यात सांगावी.

५. आपल्या मोबाइलमध्ये आलेला असा एक भीतीचा मजकूर शोधा, त्याला वरचे तीन प्रश्न लावा आणि जे निघेल ते गटात सांगा. पाठवणाऱ्याचं नाव मात्र सांगू नये. आपल्याला मजकूर तपासायचाय, माणूस नाही.

उत्तरं आणि मुलांची चित्रं नेहमीप्रमाणे आपापल्या गटप्रमुखांकडे द्यावीत. चित्रात शेपूट सूर्याच्या उलट्या बाजूला आहे ना, ते आधी पाहून घ्या!